माझ्या खोलीत कुणी मेलेलं नाही

जुन्या कागदांची एक खोड आहे. तुम्ही कुणाच्या घरी एक कागद मागायला जा. घरचे आधी चहा देतात, मग किस्सा देतात, आणि कागद मिळतो तिसऱ्या खेपेला. म्हणजे हातात कागद एक आला तरी पदरात किस्से तीन! कागदांना मी फळ्या ठोकून घेतल्या. किस्से कुठं ठेवू? डोक्यात आता जागा उरली नाही, म्हणून थोडे तुमच्याकडं उतरवते. मध्ये बोलायचं नाही. हसलात तर चालेल.

आधी एक सांगून टाकते, कारण माणसं आडून विचारतातच, "आक्का, तुमी किती शिकला?" शाळेत मी गेले ती जमीन सारवायला. त्यामुळं शाळेची जमीन मला पाठ आहे, पुस्तकं नाहीत. अक्षरं मी बहात्तरच्या दुष्काळात शिकले, खडी फोडता फोडता. हजेरी घेणारा कारकून "कौसल्या" म्हणून पुकारायचा, तेव्हा त्याचं बोट कागदावर कुठं आहे ते मी वाकून बघायचे. तो ओरडायचा, "बाई, तिकडं खडी बघ!"

मी म्हणायचे, "खडी कुठं पळती? तुमचं बोट पळतंय!"

असं माझ्या नावातलं एकेक अक्षर मी उचललं. बाकीची उचलली वाण्याच्या पुडीवरून. त्या काळी वाणी रद्दीच्या कागदात सामान बांधून द्यायचा. एकदा गुळाच्या पुडीवर कुणाचं तरी पत्र निघालं. बोट ठेवत ठेवत वाचलं. "पोरगी बघितली. पसंत आहे. माणसंही चांगली आहेत. फक्त एक गोष्ट त्यांना अजिबात कळू देऊ नका, ती म्हणजे" आणि इथं कागद फाटलेला!

आता सांगा, माणसाच्या घशाखाली घास उतरावा कसा?

वाण्याकडं गेले. "खालचा तुकडा कुणाच्या पुडीला गेला?"

तो म्हणाला, "आक्का, मी पुड्या बांधतो, कुंडल्या न्हाई मांडत."

मग दारोदार फिरले. काल वाण्याकडून काय आणलं, कागद फेकला का, कुठं फेकला. बायकांना वाटलं, हिला ऊन लागलं. आठव्या दिवशी सुताराच्या घरी मिरचीच्या पुडीचा कागद सापडला. तेच अक्षर, तीच शाई! मिरचीनं डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी वाचलं. लिहिलं होतं, "हे पत्र वाचून झाल्यावर लगेच फाडून टाका. थोरांना नमस्कार."

मधली एक ओळ फाटण्यातच गेली होती! ती ओळ मी अजून शोधते आहे. बाकीचे सगळे कागद त्या शोधात सापडले.

*

कागद वाढत गेले. कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा शाळेचा दाखला, कुणा दुकानदाराची पाठपोट लिहिलेली पत्रं, दोन भावांनी बांधावरून एकमेकांना लिहिलेल्या शिव्या. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. आमचे मालक म्हणाले, "आता ह्या घरात एकतर कागद राहतील न्हाईतर मी."

मी दोन दिवस विचार केला. विचाराला दोन दिवस का लागले, म्हणून ते वर्षभर रुसले होते!

शेवटी मालक घरात राहिले आणि कागद सोसायटीच्या खताच्या गोदामाशेजारच्या खोलीत गेले. गावच्या सोसायटीनं रीतसर ठराव केला, "सदर खोली कौसल्याबाईंना जुनी कागदपत्रे ठेवण्यास, सोसायटीस गरज लागेपर्यंत, देण्यात यावी." ह्यातलं ते "गरज लागेपर्यंत" माझ्या डोक्यावर गांधीलमाशीच्या पोळ्यासारखं लटकत राहिलं. कारण पुढं जुने चेअरमन गेले आणि विलास चेअरमन झाला. ह्या विलासला मी गल्लीत उघडा फिरताना पाहिलेला. तो महिन्याला एकदा दारातून आत डोकवायचा.

"आक्का, रद्दी लई झाली की!"

"तुला वाचायचा कंटाळा, म्हणून कागदाची रद्दी हुत न्हाई, विलास."

तो हसायचा. पण जाताना खोलीची लांबी पावलांनी मोजून जायचा. तेही मला दिसायचं.

*

खोलीत आम्ही तिघं. मी, कुंभार गुरुजी आणि इस्माईलभाई. गुरुजी रिटायर झालेले. मोडी वाचतात, पण वाचण्याआधी चष्मा इतका वेळ पुसतात की समोर बसलेल्याचं वय वाढतं. इस्माईलभाई भंगारवाले. सायकलला तराजू लावून बाजार धरत फिरायचे, कधी युसूफ वडगाव, कधी पार सिरसाळा. रद्दी कुणाचीही असो, पुढं जाण्याआधी ती माझ्या डोळ्यांखालून जाणार, हा आमचा करार. शिवाय निजामाच्या वेळचं उर्दू त्यांना येतं.

शेजारच्या गावी एका पाटलांच्या देवघरात निजामाच्या शिक्क्याचा कागद होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू, फूल, नैवेद्य. पाटील छाती काढून सांगायचे, "हुजुरांनी आमच्या आज्याला दिलेली सनद हाय ही." वाचली मात्र घरात कुणीच नव्हती! मी म्हटलं, एकदा वाचून तर घेऊ. पाटलांनी इस्माईलभाईंना बसायला पाट दिला. सगळं घर भोवती गोळा झालं. इस्माईलभाई वाचू लागले आणि मध्येच त्यांना खोकला लागला. लई खोकला!

"काय लिवलंय?"

इस्माईलभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "पाटील, ह्यात लिवलंय की तुमचा बैल लई ताकदीचा हाय."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "बघा! आमच्या दावणीचं नाव पार हैद्राबादला गेलतं!"

बाहेर आल्यावर मी इस्माईलभाईंना धरलं. "खरं काय ते सांगा."

"खरंच बोललो, आक्का. अल्ला कसम. तुमच्या बैलानं सरकारी बागेचं कुंपण दुसऱ्यांदा तोडलं, बांधून ठेवा, न्हाईतर जप्त करू, असं लिवलंय. आता ताकद असल्याबिगर कुंपण तुटतं का?"

तो कागद पाटलांनी आम्हाला दिला नाही. कशाला देतील? दसऱ्याचा नैवेद्य अजून चालू आहे. फरक एवढाच, की आता पहिली पोळी बैलाला देतात.

*

एकदा विद्यापीठातून एक मॅडम आल्या. हातात पांढरे मोजे, नाकाला रुमाल. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "आजी, तुमची कागद लावायची सिस्टीम काय?"

"वास."

"काय?"

"वासावर लावते मी." मग सांगितलं त्यांना. तंबाखूचा वास आला की कागद दुकानदाराचा. धूर आणि कडुलिंबाचा पाला असा वास आला की घरातला, कारण बायका कागद चुलीवरच्या फळीवर पाल्यात घालून ठेवतात. रॉकेलचा आला की सोसायटीचा, कारण रॉकेलचं टिपाड आणि दप्तर एका खोलीत. आणि कोर्टकचेरीच्या कागदाला वासच नसतो. तो कुणी कधी पदराखाली धरलेला नसतो.

मॅडम गालात हसल्या. मला ते आवडलं नाही. म्हणाल्या, "डोळे मिटा बरं." आणि एक कागद माझ्या नाकाशी धरला.

मी हुंगला. "हा माझ्या खोलीतला न्हाई. दुकानातला न्हाई, चुलीपासला न्हाई. डोकेदुखीचा बाम हाय ह्याला. कुणीतरी हा कागद रोज काढून वाचतंय आन कपाळ चोळतंय."

डोळे उघडले तर मॅडम लालबुंद! कागद त्यांच्याच पर्समधला होता. त्यांच्या गाईडनं कळवलं होतं, प्रबंध पहिल्यापासून पुन्हा लिहावा.

मॅडमनी मोजे काढले. मग आमच्यात बसून चहा घेतला.

*

सोसायटीचं जुनं दप्तरही माझ्याकडंच. एका दुपारी गुरुजी सभेचं जुनं बुक वाचत होते आणि एकाएकी थांबले. चष्मा पुसला, परत घातला, परत वाचलं.

"आक्का, ऐका. ठराव. यंदा पावसाने आपल्या गावास वगळून शेजारच्या शिवारात हजेरी लावली, याबद्दल ही सभा त्याचा तीव्र निषेध करीत आहे."

"कुणाचा निषेध?"

"पावसाचा!"

खाली सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. ठराव बहुमतानं मंजूर, विरोधी मत एक. आता दुष्काळात पावसाच्या बाजूनं मत देणारा हा कोण दाता? तर कंसात शेरा होता, "सदर सभासदाचे घर गळके आहे."

आम्ही म्हटलं, कुणीतरी गंमत केली असेल. पण नाही! ठरावाची नक्कल वरच्या कचेरीत धाडली होती, आणि तिथून आलेलं उत्तर टाचणीनं मागं लावलेलं. गुरुजींनी वाचलं, "आपला ठराव मिळाला. तो विहित नमुन्यात नसल्याने परत करण्यात येत आहे."

मी विलासला बोलावून दाखवलं. पोट धरून हसला.

"आता सांग, रद्दी हाय का ही?"

"न्हाई आक्का, लई भारी हाय!" म्हणाला. आणि जाताना पावलं मोजलीच.

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे. तोही सांगते. मी काही लपवून ठेवणारी नाही.

आमच्या गावच्या सुभद्राबाई. दवाखान्यात नर्स होत्या. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि गावच्या चावडीवर एक चिठ्ठी दिली. उद्यापासून मी गावकीची कामं करणार नाही, आणि मला माझ्या पूर्ण नावानं हाक मारावी. एवढंच. तिची त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली नक्कल सुभद्राबाईंच्या ट्रंकेत होती. ती मी दोन वर्षं मागत होते. त्या म्हणायच्या, "कावून देऊ? तवा गावानं वाचली न्हाई, आता वाचणार हाय व्हय?"

मग एक दिवस स्वतःच आल्या. चिठ्ठी पिशवीत, पिशवी छातीशी. सगळी खोली फिरून बघितली. "कुठं ठेवणार?"

मी तळाची फळी दाखवली. "हितं जागा हाय."

सुभद्राबाई फळीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "खाली आमी लई दिवस बसलो, आक्का."

मला आयुष्यात गप्प करणारी माणसं थोडी. त्या दिवशी एक वाढलं. वरच्या फळीवर देशमुखांच्या घरचा मोठा गठ्ठा होता, लाल फडक्यातला. तो मी काढून तळाला ठेवला आणि त्या जागी सुभद्राबाईंची चिठ्ठी ठेवली. एकटीच, ऐसपैस.

महिन्याभरानं देशमुख आले. बघतात तर गठ्ठा तळाला! "आमचं दप्तर खाली कसं काय?"

मी तोंड उघडणार, तोवर दारात बसलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या, "तिथं जागा व्हती."

*

विलासची आई, गयाबाई, माझ्या वयाची. विलासचा बाप फार दिवसांमागं वारला. तो मुकादम होता, ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर जायचा. सगळ्या संसारात त्यानं बायकोला एकच कार्ड धाडलं. गयाबाईला वाचता येत नाही आणि आता दिसतही नाही. एक दिवस ते कार्ड घेऊन आली. "माझ्या हातानं झिजाया लागलंय गं. तुझ्यापाशी ठीव. आन महिन्याला एकदा वाचून दाव."

मी वाचून दाखवलं. सगळं कार्ड असं, "शेळी गाभण आहे. तिला उन्हात सोडू नये. वेळच्या वेळी पाणी पाजावे. रात्री आत बांधावी. तिला जपावे." खाली सही.

मी आणि गुरुजींनी एकमेकांकडं बघितलं. ह्यात बायकोचं नावसुद्धा नाही! पण गयाबाई पदर तोंडाला लावून लाजत होती. ह्या वयात! "बघ, किती काळजी त्यांना."

गुरुजींना राहवलं नाही. "वयनी, काळजी शेळीची हाय."

"मास्तर, शेळी कुणाच्या जिवावर सोडून गेलते?"

तेव्हापासून गुरुजी ते कार्ड वाचताना मध्ये बोलत नाहीत. महिन्याला एकदा ती येते, ऐकते, लाजते आणि जाते. विलासला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

*

आता कार्डांचंच निघालं म्हणून. नव्या माणसांना ठाऊक नसेल, पूर्वी मयताची बातमी कार्डावर धाडायची तर कार्डाचा एक कोपरा फाडायचे. कोपरा नाही असं दिसलं की वाचण्याआधीच कळायचं. आणि असलं कार्ड घरात ठेवायचं नाही. वाचलं की दारातच फाडून टाकायचं. म्हणून माझ्या खोलीत लग्नं आहेत, बारशी आहेत, भांडणं तर ढिगानं आहेत, पण मयताचं कार्ड एक नाही. माझ्या कार्डांवर विश्वास ठेवाल तर ह्या भागात आजवर कुणी मेलेलंच नाही!

माझं माहेर शिरूर कासारकडं. दसरा-दिवाळी झाली की तिकडं अर्धी गल्ली कोयते घेऊन कारखान्यांना जाते, मागं उरतात म्हातारी माणसं. माझ्या भावाच्या शेजारी एक म्हातारी. तिचा मुलगा आणि सून तोडीला गेलेले. एक दिवस कारखान्यावरून कार्ड आलं आणि त्याला कोपरा नाही! म्हातारीनं जो हंबरडा फोडला! तिला वाटलं, सूनच गेली, कारण सून जाताना खोकत होती.

"सोन्यासारखी सून गं माझी! कधी उलट शब्द बोलली न्हाई! तिच्या हातच्या भाकरीची सर कुणाला यायची न्हाई!"

सगळी गल्ली ऐकत होती. आणि ऐकून चाट पडली होती, कारण त्या सासूसुनेचं भांडण आठवड्यातून दोनदा वेशीपर्यंत ऐकू यायचं. तासाभरानं वाचता येणारा एक माणूस सापडला. त्यानं वाचलं, "आम्ही सर्व खुशाल. इकडे झोपडीत उंदीर फार झाले आहेत."

कोपरा उंदरानं खाल्लेला!

तोड संपली, सून परत आली. गल्लीनं तिला अक्षर न् अक्षर सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून सासूसमोर उभी राहिली. "आत्या, मी सोन्यासारखी का?"

म्हातारी म्हणाली, "तवा मेलतीस म्हणून म्हटलं!"

ते कार्ड मी मागून आणलं. आणि त्याच आठवड्यात खोलीसाठी एक मांजर आणलं. तेव्हापासून खोलीत उंदीर औषधालाही सापडत नाही.

*

मग ते साल आलं. पाऊस नाही, चारा नाही, विहिरींचे तळ दिसू लागले. गावातली धडधाकट माणसं तोडीला गेली, गयाबाईचा धाकटा मुलगा टोळी घेऊन गेला. मागं आम्ही म्हातारे आणि जनावरं. विलासनं माळावर छावणी घातली. खोटं कशाला बोलू, विलास त्या साली राबला. पेंडीची पोती आली आणि ती ठेवायला जागा नव्हती. गरज लागली. ठरावातली गरज!

विलास माझ्या दारावरून दिवसातून चारदा जायचा, पण तोंडानं सांगायची त्याची छाती झाली नाही. सोसायटीच्या नोटिसा कार्डावर निघतात, तसं कार्डच आलं. "सदर खोलीतील जुनी पत्रे, कार्डे व इतर कागद आठ दिवसांत हलवावेत. अन्यथा ते रद्दीत देण्यात येतील. मिळाल्याची सही करून हेच कार्ड परत करावे. चेअरमन."

माझ्या घरात जागा नाही. गुरुजींच्या दोन खोल्यांत तीन सुना. इस्माईलभाई म्हणाले, "आक्का, माझ्या शेडवर निम्मेच पत्रे हायत. निम्मी कागदं ठेवतो."

"आन निम्मी?"

त्यांनी आपल्या तराजूकडं बघितलं.

सहाव्या दिवसापर्यंत मी फळ्यांपुढं बसून होते. कोणते निम्मे? लग्नं ठेवू का बारशी? सातव्या दिवशी सकाळी कार्डावर सही केली आणि ते पोस्टमनच्या हातात दिलं. नियम म्हणजे नियम.

सोसायटीचं ऑफिस उघडतं फक्त बाजारच्या दिवशी. एरवी तिचं टपाल चेअरमनच्या घरी पडतं. विलास छावणीवर होता. ओसरीवर गयाबाई एकटी. पोस्टमननं कार्ड तिच्या हातात दिलं आणि पुढं गेला. गयाबाईला दिसत नाही, पण बोटांना कळतं. तिनं कार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. एक कोपरा. दुसरा कोपरा. तिसरा कोपरा.

चौथा नव्हता!

तिची किंकाळी मी माझ्या दारात ऐकली. आणि मुकादमाच्या घरी कोपरा फाटलेलं कार्ड आलं म्हणजे ते एका घराचं नसतं. टोळीत सगळं गाव! कुणाचा मुलगा, कुणाची लेक, कुणाचा नातू. म्हातारी माणसं काठ्या टेकत धावत सुटली. मीही गेले. शेजारधर्म आहे. ओसरीवर रडारड, कुणाचं नाव घेऊन रडावं ते कुणालाच ठाऊक नाही. छावणीवरून विलास मोटारसायकलवर आला, तोंड पांढरंफटक. कार्ड त्यानं तसंच गुरुजींकडं दिलं. "गुरुजी, तुमीच वाचा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

"गुरुजी, आज नगा पुसू!" सगळी ओसरी ओरडली.

गुरुजींनी कार्ड मनात वाचलं. परत वाचलं. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं.

"मोठ्यानं वाचा!"

गुरुजींनी शाळेत वाचायचे तसं वाचलं, एकेक शब्द सुटा. "सदर खोलीतील जुनी पत्रे, कार्डे व इतर कागद. आठ दिवसांत हलवावेत. अन्यथा ते रद्दीत देण्यात येतील. चेअरमन."

मग एक म्हातारा म्हणाला, "आमच्या बापाचं पत्र हाय का गं त्यात, आक्का?"

"हाय."

"माझ्या बहिणीचं?"

"हाय. तिसऱ्या फळीवर."

सुभद्राबाई पुढं झाल्या. "आन वरच्या फळीवर माझा बाप हाय, विलास."

विलास खाली बघू लागला. गयाबाईला अजून काही उमजलं नव्हतं. ती डोळे पुसत म्हणाली, "आरं, पर गेलं कोण?"

"कुणी न्हाई गेलं, आई! सगळे खुशाल हायत. नुसती कागदं जायची हायत."

"कुणाची?"

"सगळ्यांचीच."

"तुझ्या बापाचं कार्ड बी?"

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मग आईपाशी बसून म्हणाला, "व्हय."

गयाबाईनं पदर नीट डोक्यावर घेतला, मांडी सावरली आणि थांबलेलं रडणं पुन्हा सुरू केलं. "एकदा गेलते, आता दुसऱ्यांदा निघाले गं बाई! आता शेळीला कोण जपंल गं!"

पेंडीची पोती त्याच दिवशी चेअरमनच्या ओसरीवर आली. पुढच्या सभेत ठरावातून "गरज लागेपर्यंत" काढून टाकलं, विरोधी मत एकही नाही. विलास आता महिन्याला आईला हाताला धरून आणतो, कार्ड तोच वाचतो, आणि शेळीची ओळ दोनदा वाचतो.

त्या दिवशी घरी परतताना गुरुजींनी मला विचारलं, "आक्का, तुमच्या हातनं गेलं तवा त्या कार्डाला चौथा कोपरा व्हता का?"

"उंदरानं खाल्ला असंल."

"खोलीत मांजर हाय."

"म्हातारं झालंय ते."

गुरुजी उभे राहिले, चष्मा काढला आणि पुसत बसले. मी पुढं निघून आले.

ते कार्ड खोलीत आहे, कुणीही येऊन बघावं. तिसऱ्या फळीवर, सोसायटीच्या गठ्ठ्यात. कोपरा वेगळ्या पाकिटात आहे.